आम्ही वर्शिप लीडर एकत्र आलो त्याची गोष्ट

रविवारची उपासना संपते. लोक एकमेकांना भेटत, मुलांना हाका मारत बाहेर पडतात आणि पुढे उभं राहून गाणी घेणारी व्यक्ती वायरी गुंडाळत असते. तिच्यापाशी येऊन लोक जे बोलतात ते बहुतेक आवाजाबद्दल आणि गाण्यांच्या निवडीबद्दल असतं. ‘आज फार छान झालं’ असंही कुणी म्हणतं आणि मनापासून म्हणतं. पण ती आठवडाभर कशी होती, तिला प्रार्थना करता आली का, ज्या ओळी तिने सगळ्यांकडून गाऊन घेतल्या त्या आज तिला स्वतःला खऱ्या वाटत होत्या का, हे सहसा कुणी विचारत नाही. यात कुणाची निष्ठुरता नसते. समोर उभं राहून गाणारा माणूस बराच असणार, असं सगळे धरून चालतात.

मी बरीच वर्षं आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आराधना चालवते, गाणी घेते; यालाच वर्शिप लीडर म्हणतात. शिकायची सोय मला कधी कमी पडली नाही. कॉर्ड, आवाजाचे व्यायाम, दोन गाणी एकमेकांना कशी जोडायची, हे सगळं मिळत गेलं. कमी होतं ते हेच काम करणारं दुसरं माणूस, ज्याच्याशी खरं बोलता येईल. पाळक जवळचे असतात, पण माझ्या सेवेचा जाब त्यांनाच द्यायचा असतो. टीममधली मुलं माझ्याकडे पाहून उभी राहतात. माझा कोरडेपणा त्यांच्यापुढे किती मांडणार? घरचे ऐकून घेतात. पण शनिवारी रात्री गिटारवाल्याचा ‘उद्या जमणार नाही’ असा निरोप आला की पोटात कसा गोळा येतो, हे ज्याने तो निरोप वाचलाय त्यालाच कळतं.

सुरुवात झाली ती एका ताईंच्या आजारपणातून. त्या दुसऱ्या मंडळीत आराधना चालवतात. त्यांच्या स्वरतंतूंना सूज आली आणि डॉक्टरांनी बोलणं पूर्ण बंद करायला सांगितलं, कुजबुजणंसुद्धा. त्यांच्या पाळकांनी आमच्या पाळकांना विचारलं आणि काही रविवार मी तिकडे गाणी घ्यायला गेले. ताई पहिल्या रांगेत बसायच्या. उपासनेनंतर त्या वहीत लिहून माझ्याशी बोलायच्या. एकदा त्यांनी लिहिलं: ‘वडील गेले त्या आठवड्यातही मी पुढे उभी होते. तेव्हापासून एकही रविवार सोडलेला नाही. आवाज गेला म्हणून खाली बसायला मिळालं.’

ते वाचून मला माझे कितीतरी रविवार आठवले. त्यांचा आवाज परत आल्यावर आम्ही ठरवलं, की आपल्यासारख्या आणखी लोकांना बोलवायचं.

आमच्यापैकी प्रत्येकीने ओळखीच्या काही जणांना विचारलं आणि हळूहळू एक घोळका जमला. एक काका होते, आयुष्यभर चर्चमध्ये ऑर्गन वाजवलेले. त्यांच्याकडे गीतांच्या पुस्तकाबाहेरचं काही गायलं जात नाही. एक भाऊ ड्रम आणि गिटारच्या जोरदार आराधनेतला. तरुण संघात नुकतीच गाऊ लागलेली एक मुलगी. क्वायर बसवणाऱ्या एक शिक्षिका. बाप्तिस्मा कधी द्यायचा, अन्यभाषा (प्रार्थनेत अनोळखी भाषेत बोलणं), हात उंचावून गाणं, टाळ्या, या सगळ्यांवर आमची मतं वेगवेगळी होती आणि आजही आहेत.

पहिल्या काही बैठका स्पीकर, मॉनिटर (गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर), नवी गाणी आणि वाद्यांवरच्या गप्पांत गेल्या. मजा यायची, पण जो भार घेऊन यायचो तोच घेऊन घरी जायचो. शिवाय एक ताण असायचा. कुणाची मंडळी किती मोठी, कुणाच्या टीममध्ये किती जण, हे कुणी उघड विचारत नव्हतं, पण प्रत्येक जण बोलता बोलता ते सांगून टाकत होता. ज्यांच्याकडे दर आठवड्याला शेकडो डोळे लागलेले असतात, त्यांना आपापसातही मोजलं जाण्याची सवय लागते.

बैठकीची दिशा बदलली ती ऑर्गनवाल्या काकांमुळे. एकदा त्यांनी बायबल उघडलं आणि नहेम्याच्या पुस्तकातला 13वा अध्याय वाचला. यरुशलेमेचा कारभार पाहणारा नहेम्या काही काळ राजाकडे गेला होता. परत आल्यावर त्याला कळलं, की मंदिराची सेवा करणाऱ्या लेव्यांचे वाटे त्यांना मिळाले नव्हते आणि म्हणून लेवी आणि गाणारे आपापल्या शेताकडे निघून गेले होते. काका थांबले आणि म्हणाले, ‘नहेम्या गाणाऱ्यांवर रागावला नाही, बघा. तो अधिकाऱ्यांशी भांडला, देवाचं मंदिर का सोडून दिलं म्हणून. आणि गाणाऱ्यांना त्याने गोळा करून परत जागेवर उभं केलं.’ मग ते स्वतःबद्दल बोलले. मधली काही वर्षं त्यांनी ऑर्गनला हात लावला नव्हता. कुणाशी भांडण नव्हतं. आपण आलो काय, न आलो काय, कुणाला फरक पडत नाही असं त्यांना वाटू लागलं होतं. त्या दिवशी स्पीकरचा विषय निघाला नाही.

पुढच्या वेळी आम्ही मागे जाऊन 1 इतिहास 25 वाचलं. हा अध्याय नावांच्या यादीसारखा दिसतो म्हणून आम्ही सगळ्यांनी आजवर भरभर ओलांडला होता. दावीद राजाच्या काळातले गायकांचे पुढारी आसाफ, हेमान आणि यदूथून यांच्या घराण्यांतले, गायनात तरबेज असे 288 जण. चिठ्ठ्या टाकून त्यांचे 24 वर्ग केलेले, प्रत्येक वर्गात 12. चिठ्ठ्या टाकताना लहान-मोठा किंवा गुरू-शिष्य असा भेद नाही. शिक्षिकाबाईंनी वहीत गणित मांडलं आणि म्हणाल्या, ‘म्हणजे एकटं कुणीच नव्हतं. आणि पाळी होती, म्हणजे विसावाही होता.’ नहेम्याच्या 12व्या अध्यायात तर असंही आहे, की गाणाऱ्यांनी यरुशलेमेच्या आसपास स्वतःसाठी गावं वसवली होती. ते एकमेकांच्या शेजारी राहत होते. मंदिरातल्या गायनाचं वैभव आम्हाला ठाऊक होतं. त्यामागे ही वस्ती आहे हे आम्ही पाहिलं नव्हतं.

तिथून आमच्या रीती हळूहळू पडत गेल्या. कागदावर आधी काही लिहिलं नव्हतं. अडचण आली की रीत पडायची.

बैठकीची सुरुवात बायबलमधल्या एका स्तोत्राने होते. अर्ध्या जणांनी एक वचन वाचायचं, उरलेल्यांनी पुढचं. आमच्यात इतके पंथ आहेत की कुणाचं तरी गाणं दुसऱ्याला परकं वाटतंच. स्तोत्रं सगळ्यांची आहेत. आणि स्तोत्रांनी आम्हाला बोलायला जागा दिली. 42व्या स्तोत्रातला माणूस आठवण काढतो, की आपण लोकांच्या समुदायाला घेऊन देवाच्या घराकडे जात होतो. आणि तोच आता आपल्या जिवाला विचारतो, तू खिन्न का झालास. तो आमच्यातलाच आहे. 88वं स्तोत्र अंधारावरच संपतं, तिथे उजाडत नाही. तरी ते बायबलमध्ये आहे, गाण्यासाठी आहे.

पण ज्या स्तोत्रापाशी आम्ही सगळ्यात जास्त थांबलो ते 73वं, आसाफाचं. दाविदाच्या काळातला हा गायकांचा पुढारी सांगतो, की माझे पाय घसरण्याच्या बेतात होते, मी उन्मत्तांचा हेवा केला. आणि 15व्या वचनात तो म्हणतो, की मी हे असं बोलून दाखवलं असतं तर तुझ्या लेकरांचा घात केला असता. ही वर्शिप लीडरची नेमकी अडचण आहे. शंका मनात आहे, पण माइक हातात असताना ती बोलली तर कुणाचा तरी विश्वास डळमळेल. मग ती बोलायची कुठे? आसाफाला पवित्रस्थानात गेल्यावर उलगडा झाला. आम्हाला एक खोली हवी होती, जिथे माइक नाही. ही बैठक ती खोली झाली. म्हणून पहिला तास गाणी, वाद्यं, उपासनेचा क्रम यांवर बोलायचं नाही, असं ठरलं. तू कसा आहेस, एवढाच विषय. आणि तिथलं बोलणं तिथेच राहतं.

एक रीत थोडी कडक आहे: एकमेकांचे वाजवणारे पळवायचे नाहीत. बाहेरच्याला ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. पण चांगला कीबोर्डवाला किंवा ड्रमर मिळणं किती कठीण असतं आणि तो दुसऱ्या मंडळीत गेला की मागे किती कडवटपणा उरतो, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. हा शब्द दिल्यानंतरच लोक आपल्या टीमबद्दल मोकळेपणाने बोलू लागले.

पाळकांचाही प्रश्न होता. काहींना काळजी वाटली, की आमची माणसं दुसरीकडे ओढली जाणार का, किंवा ही मंडळी जमून आमच्याबद्दल बोलणार का. काळजी रास्त होती. म्हणून प्रत्येकाने आपल्या पाळकांना भेटून बैठकीबद्दल स्वतः सांगायचं, असं ठरलं. आणि बैठकीत कुणी आपल्या पाळकांबद्दल तक्रार मांडली, की आधी एकच प्रश्न विचारला जातो: ‘हे त्यांच्याशी बोललात का?’ नसेल, तर ते बोलणं कसं करायचं यासाठी आम्ही प्रार्थना करतो आणि पुढे जातो. यामुळे बैठकीतल्या कितीतरी जणांचं आपल्या पाळकांशी अनेक वर्षांत पहिल्यांदा नीट बोलणं झालं.

आता उत्तेजनाबद्दल, कारण आम्ही जमलो त्यासाठीच. ‘छान गायलात’ या शब्दांनी तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण सोमवारपर्यंत ते टिकत नाहीत. शिवाय त्यांत एक धोका आहे: गाणं छान झालं म्हणून मी बरी, मग ज्या दिवशी आवाज फाटेल त्या दिवशी मी कोण? आम्ही वेगळं काही करून पाहिलं. ज्याला एखादा रविवार मोकळा असेल त्याने दुसऱ्याच्या मंडळीत जाऊन मागच्या रांगेत बसायचं, सगळ्यांबरोबर गायचं आणि नंतर त्याला लिहून पाठवायचं, की लोकांमध्ये काय घडताना दिसलं. गाणाऱ्याच्या गुणदोषांविषयी एक शब्दही नाही.

मला आलेली अशी एक चिठ्ठी मी जपून ठेवली आहे: ‘दुसऱ्या गाण्याच्या शेवटी तू वाद्यं थांबवलीस तेव्हा माझ्या पुढच्या आजी डोळे मिटून एकट्याच गात होत्या, कडवं संपल्यावरही. त्यांच्या शेजारची मुलगी त्यांच्याकडे बघत होती आणि मग तीही गाऊ लागली.’ पुढे उभं राहिलं की मॉनिटरमध्ये आपलाच आवाज मोठा असतो. मागच्या रांगेतली आजी तिथून ऐकू येत नाही. ज्याच्यासाठी आपण हे सगळं करतो ते आपल्यालाच दिसत नाही, आणि ते पाहून सांगणारं कुणी असेल तर त्या आठवड्याचं काम हलकं होतं. मला यापेक्षा मोठं उत्तेजन माहीत नाही.

चुका दाखवायच्या नाहीत, असं नाही. त्या विचारल्याशिवाय दाखवायच्या नाहीत, इतकंच. आणि विश्वास बसला की लोक आपणहून विचारतात. ड्रम-गिटारवाल्या भावाने एकदा विचारलं, की कडव्यापर्यंत सगळे गातात आणि धृपदाला आवाज का पडतो? मागे बसून आलेल्या दोघींनी सांगितलं, की तुमचा गळा उंच आहे. तुम्ही जिथे फुलता तिथे आमचा सूर संपतो. त्याने गाण्यांची पट्टी खाली आणली. त्याचं स्वतःचं गाणं त्यामुळे थोडं कमी चमकतं, हे त्याला माहीत आहे, आणि मंडळी मात्र धृपदाला गाते.

हेव्याबद्दलही बोलावं लागलं. संघातली ती तरुण मुलगी फार गुणी आहे. ती गायला लागली की आमच्यातल्या जुन्यांच्या मनात काय काय येतं ते एका बैठकीत एका ताईंनी धीर करून सांगितलं, त्या मुलीसमोरच. कुणीतरी शौल राजा आणि दाविदाचा प्रसंग काढला. शौलाच्या मनात पाल चुकचुकली ती एका गाण्यामुळे, शौलाने हजारो मारले, दाविदाने दहा हजारो, या तुलनेमुळे. पण त्याच घरात शौलाचा मुलगा योनाथानही होता. गादी ज्याची व्हायची तो योनाथान रानात लपलेल्या दाविदाकडे स्वतः चालत गेला आणि देवाच्या ठायी त्याने त्याला बळ दिलं. 1 शमुवेल 23:16 मध्ये हे येतं. त्या बैठकीनंतर त्या ताई आणि ती मुलगी एकमेकींसाठी रोज प्रार्थना करू लागल्या. त्यांची जोडी आजही टिकून आहे.

प्रार्थनेची साखळी आम्हाला मोरेव्हियन मंडळीच्या इतिहासातून सुचली. जर्मनीतल्या हर्नहूट या वस्तीत वेगवेगळ्या पंथांतून आलेले निर्वासित राहत होते आणि त्यांच्यात खूप भांडणं होती. 1727च्या ऑगस्टमध्ये त्यांचा समेट झाला आणि त्याच महिन्यात 24 पुरुष आणि 24 स्त्रियांनी दिवसाचे तास वाटून घेऊन अखंड प्रार्थना सुरू केली. ती शंभर वर्षांहून अधिक चालली. आमची साखळी फार लहान आहे. रविवारी पहाटे प्रत्येक जण आपल्या पुढच्या माणसासाठी प्रार्थना करतो आणि त्याला कळवतो, की झाली. माइक तपासायच्या आधी तो निरोप येतो. इतकंच.

बदली गाणं हे सगळ्यात अवघड गेलं आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. प्रत्येकाला अधूनमधून एक रविवार आपल्याच मंडळीत, आपल्या कुटुंबाशेजारी बसून गाता यावं, असं आम्हाला वाटत होतं. पण पाहुण्याला गाणी ठाऊक नसतात, टीम बिचकते, पाळकांना खात्री हवी असते. शेवटी असं बसलं: पाहुण्याने आधी प्रॅक्टिसला यायचं, यजमानांचीच गाणी घ्यायची, नवं एकही नाही, आणि आपली छाप सोडायची धडपड करायची नाही. माझ्या पाळीला मी माझ्या मुलाशेजारी बसले. तो कसा गातो ते मी पहिल्यांदा ऐकलं.

याच व्यवस्थेमुळे एक मोठी गोष्ट शक्य झाली. वर्शिप लीडरच्या घरी कुणी वारलं तर अंत्यविधीलाही बहुतेक वेळा तोच गाणी घेतो, कारण दुसरं कोण घेणार? आमच्यातल्या एका भावाची पत्नी गेली तेव्हा आम्ही सकाळीच त्यांच्याकडे पोचलो आणि सांगितलं, तुम्ही पुढे यायचं नाही. ऑर्गन काकांनी वाजवला, गाणी आम्ही घेतली. ते पहिल्या रांगेत बसले आणि एकही ओळ गायले नाहीत. त्यानंतर कितीतरी महिने ते आराधना चालवत नव्हते, पण बैठकीला येत होते, बहुतेक वेळा न बोलता. आमच्यात यायला पुढे उभं राहावंच लागतं असं नाही, हे आम्हाला त्यांच्यामुळे स्पष्टपणे ठरवता आलं. जो थांबला आहे, ज्याला थांबवलं गेलं आहे, त्याचीही खुर्ची असते.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात आम्ही फक्त एकत्र जेवतो. झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), ईस्टरची पहाट यानंतर जो रितेपणा येतो तो अनेकांना आपल्या विश्वासाची उणीव वाटतो. 1 राजे 19 मध्ये कर्मेल डोंगरावरच्या विजयानंतर एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतो. देव आधी त्याला झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो, तेही दोनदा. प्रश्न नंतर विचारतो. आणि ‘मी एकटाच उरलो आहे’ असं एलीया दोनदा म्हणतो, तेव्हा त्याला 7000 जणांची खबर मिळते आणि पुढे त्याची जागा घेणाऱ्या अलीशाचं नाव मिळतं. म्हणून जेवताना कुणी कामाचं बोलत नाही.

अशाच एका जेवणात ड्रम-गिटारवाल्या भावाच्या टीममधल्या ड्रमरने सांगितलं, की त्याच्या कानात सतत शिट्टी वाजते आणि त्याने हे कुणालाच सांगितलेलं नाही. आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलं आणि मग स्वतःही नीट माहिती घेतली. कामाच्या जागी 85 डेसिबल आवाजात 8 तास ही मर्यादा मानतात आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम 15 मिनिटं. आमच्यातल्या कुणाच्याही टीममध्ये हे मोजलं जात नव्हतं. आता मोजलं जातं आणि तो ड्रमर कानात संरक्षक घालून वाजवतो.

एक मोठा एकत्रित आराधना-मेळावा घ्यावा, असं काही जणांना फार वाटत होतं. बरीच चर्चा झाली. माझं मत विरोधात होतं आणि अजूनही आहे: मेळावा ठरला की पुन्हा कोण गाणार, किती वेळ, कुणाचं नाव आधी, हे सुरू होतं. ज्यांना तो हवा होता त्यांनी वेगळा घेतला, आम्ही तिथे मागे बसून गायलो आणि मैत्री राहिली. माणसं वाढली तेव्हा मात्र आम्ही बैठकीचे दोन भाग केले, कारण खोली भरली की लोक खरं बोलायचे थांबतात. आता प्रत्येकाने एका शिकणाऱ्याला बरोबर आणायचं, अशी रीत आहे. गुरू आणि शिष्य एकाच चिठ्ठीत, तसं.

अलीकडे साउंड बघणारे आणि पडद्यावर गाण्यांचे शब्द टाकणारे काही जण आमच्याकडे आले. त्यांच्याकडे लोकांचं लक्ष जातं ते काहीतरी बिघडलं तरच, असं ते म्हणाले, आणि त्यांनाही अशी बैठक हवी होती. त्यांनी आमच्या रीती ऐकून घेतल्या, काही घेतल्या, काही सोडल्या. ते रविवारी जमत नाहीत, कारण सामान आवरेपर्यंत सगळे घरी गेलेले असतात. त्यांनी मधला वार धरला आहे आणि पहिल्या बैठकीला त्यांनी 73वं स्तोत्रच वाचलं.